जामच्या चौरस्त्यावरून: रखडलेल्या विमा दाव्यांचा आढावा

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44, म्हणजे पूर्वीचा 7 क्रमांकाचा महामार्ग, बुटीबोरी मागे टाकून वर्धा जिल्ह्यात शिरतो आणि समुद्रपूर तालुक्यातल्या जामला येतो. इथून वरोरा-चंद्रपूरचा रस्ता फुटतो. कोळशाचे नि सिमेंटचे ट्रक, हिंगणघाटच्या बाजारात निघालेल्या कापसाच्या गाड्या, गिरडच्या दर्ग्याला जाणारे भाविक, रात्रीच्या ट्रॅव्हल्स आणि एसटी असा सगळा भार या एका चौरस्त्यावर पडतो. महामार्ग पोलिसांचे मदत केंद्र जामला आहे ते त्यामुळेच.

अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांची सोय या पट्ट्यात पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. 108 ची रुग्णवाहिका आणि महामार्गाची 1033 ही मदतवाहिनी आहे. हिंगणघाटला उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे सेवाग्राम आणि सावंगी आहे. 5 मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. खरी परवड सुरू होते ती नंतर. गाडी गॅरेजात नाहीतर पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते, घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळतो किंवा जातो, आणि विम्याच्या पैशासाठी घरचे लोक हेलपाटे घालू लागतात. 'फाइल वर पाठवली आहे' हे उत्तर महिनोन्‌महिने ऐकावे लागते.

हा उशीर नेमका कुठे होतो, कायद्याने त्याला कोणत्या मुदती घातल्या आहेत आणि दाद कुठे मागायची, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. गेल्या काही वर्षांत जवळपास प्रत्येक टप्प्याला मुदत बांधली गेली आहे. पण ती मोजायची तर हातात तारखेचा कागद लागतो, आणि सामान्य दावेदाराकडे नेमका तोच नसतो.

एक अपघात, तीन दावे

पहिला घोळ इथेच होतो. एका अपघातातून तीन वेगळे दावे निघू शकतात आणि तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

पहिला दावा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो आपल्याच विमा कंपनीकडे करायचा आणि त्यासाठी सर्वंकष पॉलिसी लागते. नुसता 'थर्ड पार्टी' विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी छदामही मिळत नाही. दुसरा दावा जखमी माणसाचा किंवा मृताच्या वारसांचा. तो धडक देणाऱ्या वाहनाच्या मालकावर आणि विमा कंपनीवर, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. तिसरा दावा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गाडीचा मालक स्वतः चालवत असताना दगावला किंवा कायमचा अपंग झाला, तर 'मालक-चालक वैयक्तिक अपघात' विम्याचे 15 लाख रुपयांचे संरक्षण असते. 1 जानेवारी 2019 पासून हा विमा स्वतंत्रपणेही घेता येतो. मृत्यूनंतर घरच्यांनी पॉलिसीचा कागद नीट वाचला नाही, तर ही रक्कम कुणी मागतच नाही.

गाडीचा दावा: मुदती आणि अडथळे

विमा नियामक प्राधिकरणाने 11 जून 2024 रोजी सर्वसाधारण विम्यासाठी एकत्रित परिपत्रक काढले. त्यानुसार नुकसान कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे. त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून 7 दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. पूर्वी अहवालाला 30 दिवस आणि त्यापुढे निर्णयाला 30 दिवस असत. मुदत उलटली तर बँक दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याज देणे कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणजे कागदोपत्री गाडीचा दावा महिन्याच्या आत मिटला पाहिजे.

मग तो अडतो कुठे? पहिले कारण, उशिरा कळवणे. पॉलिसीत 'ताबडतोब' कळवण्याची अट असते. जखमींच्या धावपळीत आठ-दहा दिवस निघून जातात आणि त्याच कारणाने दावा फेटाळल्याचे पत्र येते. असे यांत्रिकपणे फेटाळू नका, उशिराचे कारण खरे असेल तर दावा विचारात घ्या, असे नियामकाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकातच बजावले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या ओम प्रकाश आणि 2020 च्या गुरशिंदर सिंग या वाहनचोरीच्या खटल्यांत तेच तत्त्व उचलून धरले. तरी शहाणपण यात की अपघाताच्या दिवशीच कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून दावा क्रमांक घ्यावा आणि ईमेल किंवा एसएमएस जपून ठेवावा. पुढच्या सगळ्या मुदती त्या तारखेपासून धावतात.

दुसरे कारण म्हणजे दोन कागदांतली विसंगती. आपल्याकडे गुन्ह्याची फिर्याद आणि घटनास्थळ पंचनामा मराठीत असतो. दाव्याचा अर्ज बहुधा इंग्रजीत असतो आणि तो गॅरेजचा माणूस किंवा एजंट भरतो. फिर्यादीत 'रात्री 11 वाजताचे सुमारास, जाम चौकापुढे' असते आणि अर्जात वेळ पडते मध्यरात्रीनंतरची, ठिकाण पडते हिंगणघाट. एवढ्यावरून चौकशी अधिकारी नेमला जातो आणि दावा दोन महिने मागे पडतो. अर्जावर सही करण्याआधी वेळ, ठिकाण, चालकाचे नाव आणि गाडीत किती जण होते, हे चार रकाने फिर्यादीशी ताडून पाहावेत.

चालकाचे नाव बदलण्याचा मोह तर अजिबात नको. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स नसले की नात्यातल्या लायसन्सवाल्याचे नाव पुढे करण्याचा सल्ला देणारे भेटतात. जखमांच्या नोंदी, मोबाइलचे ठिकाण आणि टोलनाक्याचे चित्रीकरण यांतून ते उघडे पडते. मग दावा तर जातोच, वर फसवणुकीचा गुन्हा गळ्यात पडतो.

तिसरे कारण जुन्या गाडीचे. गावाकडे वापरलेली गाडी घेताना फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात, पैसे दिले जातात आणि कागद कपाटात राहतात. नोंदणी जुन्या मालकाच्याच नावे राहते. स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे. 14 दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावा लागतो. विकणाराही सुटत नाही. नवीन कुमार खटल्यात 2018 साली न्यायालयाने सांगितले की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. वर्ध्याच्या आरटीओत एम.एच. 32 ची नोंद बदलून घेण्याचा आळस दोन्ही घरांना महागात पडतो.

चौथे कारण खासगी गाडीचा भाड्याने वापर. लग्नसराईत किंवा गिरडच्या फेरीला पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन नेली आणि अपघात झाला, तर कंपनी अटभंग दाखवते. अशा वेळीही सगळा दावा शून्य होतोच असे नाही. अमलेंदू साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तडजोडीच्या आधारावर अंशतः रक्कम द्यायला लावली. लायसन्सचा एक मोठा वादही आता मिटला आहे. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला चालक 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असे घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी ठरवले. कापूस-सोयाबीन वाहणाऱ्या पिकअपच्या मालकांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

बिल आणि चेक यांतला फरक

पुष्कळ भांडणे फेटाळलेल्या दाव्याची नसतात, कमी मिळालेल्या रकमेची असतात. साडेचार वर्षे जुनी, 1,200 सीसीची मोटार घ्या. समोरून धडक बसली आणि गॅरेजचे बिल असे झाले: प्लास्टिकचा बंपर 8,000, पत्र्याचे बॉनेट 12,000, पुढची काच 9,000, मजुरी 6,000, रंगकाम 8,000, एकूण 43,000 रुपये. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकातली घसाऱ्याची कोष्टके बहुतेक पॉलिसींत आजही तशीच आहेत. प्लास्टिक आणि रबरावर निम्मा घसारा, म्हणजे बंपरचे 4,000 गेले. चार ते पाच वर्षांच्या गाडीत पत्र्याच्या भागांवर 35 टक्के, म्हणजे बॉनेटचे 4,200 गेले. काचेवर घसारा नाही. मजुरी पूर्ण मिळते. रंगकामात एकूण आकाराचा पाव भाग रंगसाहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणजे 1,000 गेले. शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये मालकाने सोसायचे. कर बाजूला ठेवला तर 43,000 पैकी हातात येतात 32,800. 'झिरो डेप' जोड घेतली असेल तर घसाऱ्याची कपात टळते.

हा हिशेब दावेदाराला कुणी समजावून देत नाही, म्हणून चेक पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटते. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि कपातीचा तक्ता ओळीओळीने तपासावा. सर्व्हेअर हा नियामकाचा परवाना असलेला स्वतंत्र व्यावसायिक असतो, पण त्याचा अहवाल ही काळ्या दगडावरची रेघ नाही. एका अपघातग्रस्त ट्रकच्या दुरुस्तीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये हेच म्हटले आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते, आणि मग वाद विमा मूल्य आणि भंगाराची किंमत यांवर येऊन ठेपतो. त्यासाठी नूतनीकरण करताना हप्ता कमी व्हावा म्हणून विमा मूल्य खाली आणू देऊ नये.

पोलीस ठाण्याच्या आवारातली गाडी

कुणी जखमी झाले असेल तर गाडी मुद्देमाल म्हणून जमा होते. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत ती हलवता येत नाही, आणि ती हलल्याशिवाय गॅरेज अंदाजपत्रक देत नाही. उन्हापावसात उभ्या गाडीचे नुकसान वाढते. ते वाढीव नुकसान विमा कंपनी मान्य करीत नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले आहे की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ सडत ठेवण्यात अर्थ नाही; फोटो, पंचनामा आणि हमीपत्र घेऊन ती लवकर सोडावीत. म्हणून सुपूर्दनाम्यावर गाडी सोडवण्याचा अर्ज पहिल्या आठवड्यातच न्यायालयात टाकावा. गाडी ठाण्यात असतानाच सर्व्हेअरला तिथे बोलावून पहिली पाहणी करून घेता येते. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

माणसाचा दावा

खरा काळजाला हात घालणारा प्रश्न हा आहे. गाडी रखडली तर पैसे अडकतात. माणसाचा दावा रखडला तर मुलांची शाळा सुटते आणि शेत गहाण पडते.

1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी पोलिसांवर मोठी जबाबदारी टाकली आहे. अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला जायचा. जखमींना किंवा वारसांना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना द्यायचा. 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल सादर करायचा. विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने त्यानंतर 30 दिवसांत भरपाईचा प्रस्ताव द्यायचा. गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2022 रोजी या सगळ्याची काटेकोर अंमलबजावणी करण्याचे आदेश राज्यांना दिले. हे नियम जसेच्या तसे पाळले गेले तर समुद्रपूर तालुक्यातल्या विधवेला वकील शोधत फिरावे लागणार नाही.

जाम पट्ट्यात एक जादा अडचण आहे. धडक देणारा ट्रक अनेकदा परराज्यातला असतो. मालक एका राज्यात, चालक दुसऱ्या, विमा कंपनीची शाखा तिसऱ्या. समन्स बजावले जात नाही आणि तारखा पडत राहतात. यावर उपाय असा की दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. वाहनाचा क्रमांक हाती असेल तर 'एमपरिवहन' अॅपवर विमा कंपनीचे नाव आणि विम्याची मुदत लगेच दिसते. त्या माहितीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावा.

निष्काळजीपणा सिद्ध न करता मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. ही रक्कम लवकर येते, पण कलम 149 च्या प्रक्रियेतून ती स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. घरातला तरुण कमावता माणूस गेला असेल तर सही करण्याआधी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावाच. कलम 166 खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करण्याची अट 2022 पासून आली आहे. ती सर्वोच्च न्यायालयात आव्हानाखाली असली तरी त्या आव्हानाच्या भरवशावर कुणी थांबू नये.

भरपाईचा आकडा उत्पन्नाच्या पुराव्यावर ठरतो, आणि शेतकरी-शेतमजुराकडे पगाराची स्लिप नसते. सातबारा, बाजार समितीतल्या विक्रीच्या पावत्या, बँकेचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड, पीककर्जाची कागदपत्रे हे सगळे पुरावेच आहेत. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपयांची योजना आहे. तिचा अर्ज महसूल विभागाकडून पुढे जातो. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. टक्केवारीवर केस घेणाऱ्या दलालांच्या दारी जाण्याआधी वर्ध्याचे ते कार्यालय गाठावे.

दाद मागण्याची शिडी

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यावी. उत्तर न आल्यास नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर नोंद करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. वर्धा जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे विनाशुल्क, वकिलाशिवाय चालतात आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात तिथे जावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीने 30 दिवसांत पाळला नाही तर दिवसाला 5,000 रुपये दंड तक्रारदाराला द्यावा लागतो.

दुसरा मार्ग वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मानसिक त्रासाची भरपाई मात्र इथे मागता येते. सरकारी विमा कंपनी असेल तर माहिती अधिकारात फाइलची सद्यस्थिती विचारता येते, आणि त्या एका अर्जाने झोपलेली फाइल जागी होते. न्यायाधिकरणातल्या दाव्यांसाठी मात्र लोकपाल किंवा ग्राहक आयोग नाही, हे ध्यानात ठेवावे.

ब्रिटनने मे 2017 पासून प्रत्येक विमा करारात 'वाजवी वेळेत पैसे देणे' ही अट कायद्यानेच गृहीत धरली आणि उशिरामुळे झालेल्या नुकसानीची वेगळी भरपाई मागण्याचा हक्क दिला. आपल्याकडे व्याज मिळते. पण दोन महिने बंद राहिलेल्या पिकअपची बुडालेली कमाई कोण देणार, याचे सरळ उत्तर आपल्या नियमांत अजून नाही.

महाराष्ट्राने स्वतःच दिलेला धडा

शेतकऱ्यांच्या अपघात विम्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात विमा योजना विमा कंपन्यांमार्फत चालत असे. दाव्यांत वारंवार त्रुटी काढणे, मंजुरीला विलंब आणि नकार यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की एप्रिल 2023 मध्ये राज्य शासनाने कंपन्यांना बाजूला सारून तिचे सानुग्रह अनुदान योजनेत रूपांतर केले. आता कृषी विभागामार्फत मृत्यूनंतर वारसांना 2 लाख रुपये दिले जातात. रस्ते अपघातही त्यात येतो. सरकारलाच विमा कंपनीच्या उशिराचा कंटाळा येतो, तर जामच्या एकट्या दावेदाराची काय कथा!

मोटार विमा मात्र असा बाजूला सारता येणार नाही. तो सक्तीचा आहे. सक्तीने हप्ता घेतला जातो तेव्हा वेळेवर पैसे देणे ही कृपा राहत नाही, ते देणे लागते. म्हणून जाम मदत केंद्रात, समुद्रपूर आणि हिंगणघाटच्या पोलीस ठाण्यांत आणि उपजिल्हा रुग्णालयात मराठीत ठळक फलक लागले पाहिजेत: 48 तास, 50 दिवस, 90 दिवस, 24 तास, 15 दिवस, 7 दिवस. प्रत्येक विमा कंपनीच्या जिल्ह्यातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन तिथेच असावा. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत किती अपघात झाले यासोबत किती सविस्तर अहवाल मुदतीत गेले, हाही आकडा वाचला जावा.

तोवर वाचकांना एवढीच विनंती. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका, प्रत्येक उत्तर लेखी मागा, प्रत्येक अर्जाची पोच तारखेसह घ्या आणि मुदत संपली की दुसऱ्या दिवशी पुढची पायरी चढा. मागणाऱ्याच्या हातात तारखेचा कागद असला की कंपनीला आणि ठाण्याला उत्तर द्यावेच लागते.